त्या मुलाबद्दल मी बोलणार नाही

पालकहो,

जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यातच कुणाच्या तरी दंडावर कुणाचे तरी दात उमटतात. अडीच-तीन वर्षांचं मूल चावतं. बोलायला शब्द पुरेसे नसतात, हातातली गाडी कुणी हिसकावलेली असते, भूक लागलेली असते, दुपारची झोप अपुरी झालेली असते. आम्ही ती जागा धुतो, बर्फ लावतो, नोंदवहीत लिहितो आणि तुम्हाला फोन करतो. तुमचा पहिला प्रश्न असतो, ‘खूप लागलंय का?’ दुसरा प्रश्न ठरलेला: ‘कोण चावलं?’

त्याचं उत्तर मी देत नाही. काय झालं, किती वाजता झालं, त्या वेळी वर्गातली ताई कुठे होती, पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय करतोय, हे सगळं सांगते. नाव सांगत नाही. यावरून माझ्याशी अबोला धरलेले आई-बाबा आहेत. एका आजोबांनी तर ‘तुम्ही त्या लोकांना सामील आहात’ असं सुनावलं होतं. (पुण्यात निवृत्त आजोबांशी वाद घालू नये एवढं मला कळतं, तरी घातला.)

गंमत अशी, की नाव तुम्हाला संध्याकाळपर्यंत कळतंच. तुमचं लेकरूच सांगतं. मग मी न सांगून काय साधलं? तुमची मुलगी नाव सांगते तेव्हा ती तिच्या दिवसाची हकिगत असते. दुसऱ्या दिवशी ती त्याच मुलाशेजारी बसून डबा खाते. तेच नाव शाळेनं सांगितलं की त्याचा शिक्का होतो. तो सोसायटीच्या लिफ्टमध्ये पोचतो, बागेत पोचतो, वाढदिवसाच्या बोलावण्यातून एक मूल गळतं. आणि चावण्याची पाळी फिरत असते. आज जिच्या मुलाला कुणी चावलं, तिचंच मूल दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्याला चावतं. तेव्हा तीच आई फाटकापाशी मला बाजूला घेऊन म्हणते, ‘ताई, प्लीज, कुणाला सांगू नका हं.’

नाहीच सांगत. दुसऱ्याच्या मुलाबद्दल तुम्ही विचारल्यावर मी जो नकार देते, तोच नकार तुमच्या मुलाबद्दल विचारणाऱ्यालाही मिळत असतो. फक्त तो तुमच्या पाठीमागे मिळतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही.

आम्हाला तुमच्याबद्दल किती माहिती असते याचा तुम्हाला अंदाज नसेल. जन्मदाखला, पत्ता, दोघांचे फोन नंबर, नोकरी कुठे, ॲलर्जी कसली, कुठल्या डॉक्टरांकडे जाता, मुलाला न्यायला कोण येणार. हे झालं प्रवेश अर्जावरचं. खरी माहिती सतरंजीवर येते. सकाळी गोल करून बसलो आणि ‘काल घरी काय काय झालं?’ असं विचारलं की बांध फुटतो. बाबा हल्ली हॉलमध्ये झोपतात. आजीला दवाखान्यात नेलं आणि आई रडली. आत्या परत आमच्याकडे राहायला आलीय. काका खूप ओरडले. तीन वर्षांच्या मुलाला घरातलं आणि बाहेरचं असा भेद नसतो. त्यानं सांगावं, मोकळेपणानं सांगावं, हेच तर आम्हाला हवं असतं. भाषा त्यातूनच येते. आम्ही ‘हो का?’ म्हणतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो.

ते तिथेच थांबलं पाहिजे. डब्याच्या सुट्टीत दोन ताया त्यावर बोलल्या, मावशींच्या कानावर पडलं, व्हॅनवाल्या काकांपर्यंत गेलं, की ते गेलं. आमच्या मावशी ज्या वस्तीत राहतात तिथूनच तुमच्या घरी स्वयंपाकाला बाई येतात. रविवारी तुमच्या घरात घडलेली गोष्ट मुलाच्या तोंडून निघून, चार उंबरे फिरून, तुमच्याच ओट्यापाशी परत येऊ शकते. म्हणून नव्या ताईला गाणी आणि गोष्टी शिकवण्याआधी आम्ही हे शिकवतो: मुलाचं नाव घेऊन बोलायचं असेल तर दार लावून, ज्या ताईचा त्या मुलाशी रोजचा संबंध आहे तिच्याशीच, आणि त्याला मदत करण्यापुरतंच.

‘मदत करण्यापुरतं’ ही मोजपट्टी सोपी नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी सगळ्यांना माहीत हवी: मावशींना, बदली ताईला, डबे उघडून देणाऱ्या प्रत्येक हाताला. ती लपवली तर जिवावर बेतेल. ती यादी मात्र दर्शनी भिंतीवर नसते, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला असते. तुम्ही फी भरायला आलात की वाचायला नव्हे. वडिलांची नोकरी गेलीय, हे एका ताईला ठाऊक असलेलं बरं, म्हणजे मूल अचानक का चिडचिड करतंय हे तिला उमगेल. बाकी कुणाला ते कळायचं कारण नाही. आणि काही गोष्टी आम्हालाही कळायचं कारण नाही. कुठल्याही मुलाचं रक्त निघालं तर आम्ही हातमोजे घालतो. सगळ्यांसाठी घालतो, म्हणून कुणाला कुठला आजार आहे हे विचारत बसावं लागत नाही.

हे हातमोज्यांचं मी उगीच सांगत नाही. २००९ साली लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावी, ‘सेवालय’ या संस्थेत राहणारी एचआयव्हीबाधित मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावातल्या पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणंच बंद केलं. मुलं शेजारी बसून, डबा वाटून, खोखो खेळून हा विषाणू पसरत नाही हे डॉक्टर सांगत होते, तरीही. ती मुलं कुठल्या संस्थेतून येतात हे गावाला माहीत होतं, त्यामुळे आपलं दुखणं आपल्यापाशी ठेवायची सोयच त्यांना उरली नव्हती. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कुणालाही आपली एचआयव्हीची स्थिती सांगायची सक्ती करता येत नाही आणि त्या कारणावरून शाळा नाकारता येत नाही, असं तो म्हणतो. आपल्याकडे ‘मानव्य’सारखी संस्था पुण्यात अनेक वर्षं अशा मुलांना सांभाळते आहे. पण कायदा असून, संस्था असूनही, मला आजही एखादी आई विचारते, ‘आपल्याकडे तसं कुणी नाही ना?’ मी म्हणते, मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही नाही. हे उत्तर त्यांना आवडत नाही. मला फार आवडतं.

एक वेगळी गोष्ट. गुप्तता म्हणजे सोसायटीतल्या सुशिक्षितांची चैन, असं समजणारेही आहेत. अंगणवाडीत जाऊन बघा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून तिथे दर महिन्याला मुलांची वजनं होतात. काट्यापाशी आयांचा घोळका असतो आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ‘हे मॅममध्ये गेलं’, ‘हे सॅममध्ये आहे’ असं बोललं जातं. मध्यम कुपोषित, तीव्र कुपोषित. ऐकणाऱ्या आईला त्याचा अर्थ एवढाच लागतो, की मी माझ्या मुलाला नीट खाऊ घालत नाही असं इथे जाहीर झालंय. पुढच्या महिन्यात ती येतच नाही. जिला सगळ्यात जास्त गरज, तीच गळते. आता ही वजनं २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवर जातात, आणि घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा दाखवून ओळख पटवावी लागते. त्या बाईला कुणी विचारलं का, की तुमचा चेहरा घेऊ का, कुठे ठेवू, किती दिवस ठेवू? तुमच्या मुलाचा फोटो मी फेसबुकवर टाकला तर तुम्ही मला जाब विचाराल. तिला तो विचारायची सोय नाही. सेविकांना दोष देण्यात अर्थ नाही. कमी मानधनात, शासनानं दिलेल्या फोनवर त्या पन्नास कामं करतात आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांनी तेव्हाचे निकृष्ट फोन परत करण्याचं आंदोलनही केलं होतं.

आता फोटोंचं. यात निम्मा दोष तुमचा आहे, स्पष्टच बोलते.

दहीहंडीला राधा-कृष्ण झालेली सगळी मुलं, आषाढीला छोटे वारकरी, गॅदरिंगचा नाच. आम्ही फोटो काढतो आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. तिथून ते मामाच्या स्टेटसवर, तिथून कुठल्यातरी ‘पुणे मॉम्स’ छापाच्या पानावर. तुम्ही तुमच्या कृष्णाचा फोटो लावता, पण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या पेंद्याचं काय? त्याच्या आईनं तुम्हाला हो म्हटलेलं नसतं. कदाचित ती आई नवऱ्याच्या मारहाणीतून निघून गाव बदलून इथे आलेली असते आणि ती कुठे राहते हे सासरच्यांना कळू नये म्हणून धडपडत असते. मुलाच्या अंगावर शाळेचं नाव छापलेला टी-शर्ट असतो. फोटोवर ‘आत्ता, शाळेसमोर’ असं ठिकाणही येतं. तुम्ही सगळं प्रेमानं केलेलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनमधल्या ‘किडो’ या बालवाड्यांच्या साखळीवर सायबर हल्ला झाला. हिच्या शाखा भारतातही आहेत. सुमारे ८,००० मुलांची नावं, फोटो, घरचे पत्ते आपल्या हाती आल्याचा दावा चोरांनी केला, काही मुलांची माहिती डार्क वेबवर टाकली, खंडणी मागितली, काही पालकांना थेट फोनसुद्धा केले. जगभरातून छीथू झाल्यावर त्यांनी ते फोटो काढून टाकले. पुढच्या महिन्यात ब्रिटिश पोलिसांनी सतरा वर्षांच्या दोन मुलांना अटक केली. बालवाडीची माहिती कोण कशाला चोरेल, असं मला पूर्वी विचारायचे. आता विचारत नाहीत.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, आणि तो टप्प्याटप्प्यानं अमलात येतो आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात मूल आहे. मुलाची माहिती वापरायला पालकाची पडताळून घेता येईल अशी संमती लागेल, मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत, आणि मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे यंदा अर्जासोबत फोटोच्या संमतीचा वेगळा कागद आहे. वर्गापुरता फोटो, आमच्या माहितीपत्रकासाठी फोटो, आणि अजिबात नको, अशा तीन खुणा. ‘अजिबात नको’वर खूण केली म्हणून मुलाला नाचात मागच्या रांगेत उभं करणार नाही, निर्धास्त राहा. मात्र हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. वहीत लिहिलेलं आणि तोंडानं बोललेलं त्यात येत नाही, आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गळती तर तोंडातूनच होते.

मोठ्या शाळेच्या प्रवेशाचे दिवस आले, की अजून एक प्रकार सुरू होतो. एखाद्या शाळेतून फोन येतो: ‘तुमच्याकडचं अमुक मूल आमच्याकडे अर्ज करतंय, कसं आहे? पालक कसे आहेत?’ शिक्षणहक्क कायद्याचं कलम १३ प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करतं, म्हणून मग हा असा मागच्या दारानं फोन. मूल उशिरा बोलायला लागलंय, आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीला जातंय, हे मी त्या फोनवर सांगितलं तर त्या मुलाचं दार लागू शकतं. मी म्हणते, पालकांना विचारा. हेच तुम्ही शेजारच्यांच्या बाबतीत विचारता तेव्हाही म्हणते. ‘तो अजून बोलत नाही ना? ऑटिझम आहे का हो?’ तुमच्या आवाजात काळजी असते हे मला मान्य आहे. पण निदान डॉक्टर करतात आणि ते त्या घराचं असतं. शिक्षणहक्काच्या २५ टक्के राखीव जागांतून कुणाचा प्रवेश झालाय, कोण दत्तक आहे, कुणाचे आई-बाबा वेगळे राहतात, यांनाही तेच लागू. ‘माझं घर’ या विषयात आम्ही ‘आई-बाबांचा लग्नातला फोटो आणा’ असं आता सांगत नाही. ‘तुझ्या घरातल्या माणसांचं चित्र काढ’ म्हणतो. ज्याला जेवढी माणसं काढायची तेवढी तो काढतो.

वेगळं राहणाऱ्या आई-बाबांशी मात्र मला दोन शब्द बोलायचे आहेत. तुमचा दावा शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात चालू असेल, तर दोघांनाही तुमच्या मुलाची प्रगती, हजेरी, आजारपण सारखंच कळवलं जाईल. ‘त्याच्या बाबांना काही सांगू नका, शाळेत येऊ देऊ नका’ असं नुसतं तोंडी सांगून चालणार नाही; न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत द्या, मग फाटकावरच्या काकांनाही तशी सूचना जाईल. आणि ‘मूल माझ्याजवळच खूश असतं असं पत्र द्या’ अशी गळ कृपा करून घालू नका. त्यानं सतरंजीवर काय सांगितलं हे तुमच्यापैकी कुणाच्याही वकिलाला मिळणार नाही. न्यायालयानं लेखी मागितलं तर न्यायालयाला देऊ.

वर्गातल्या कॅमेऱ्याचं थेट चित्र मोबाइलवर द्या, अशी मागणी दर पालकसभेत होते. कॅमेरे आहेत. चित्रण जपून ठेवलं जातं. तुमच्या मुलाबाबत काही शंका असेल तर माझ्यासमोर बसून बघता येतं. पण थेट चित्र देणार नाही. एका वर्गात वीस मुलं म्हणजे वीस घरं, त्यांचे आजी-आजोबा, कंपनीतले मित्र. चड्डी ओली झालेलं मूल, जमिनीवर लोळण घेणारं मूल, आई गेल्यावर तासभर रडणारं मूल त्या सगळ्यांनी चहा पिता पिता बघायचं?

इथे कुणीतरी बदलापूरचं नाव काढतं, आणि काढलंच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेच्या शिशुवर्गातल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याचं प्रकरण बाहेर आलं. कुटुंबाला तक्रार नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. शाळेला कळूनही तिनं पोलिसांना कळवलं नाही, म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर पॉक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आणि शाळेच्या कॅमेऱ्यांचं पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. म्हणजे कॅमेरे होते.

आतापर्यंत जे जे मी सांगितलं, त्याचा आधार घेऊन एखादी शाळा उद्या म्हणेल, ‘हे प्रकरण गोपनीय आहे, आपण आपसात मिटवू.’ तसं म्हणणारी शाळा स्वतःची अब्रू झाकत असते, मुलाची नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मला, ताईला, मावशीला, तुम्हाला. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे मी कुणाला शब्द दिला होता, कुणाच्या घरची गोष्ट होती, काही मोजलं जात नाही. एखाद्या मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले आणि ‘ताई, घरातलं आहे, कुणाला सांगू नका’ म्हणून त्याची आई माझ्यापुढे रडली, तरी मी फोन करणार. हे तुम्हाला आत्ताच, सगळं आलबेल असताना, सांगून ठेवते.

आणि नेमकं याच वेळी त्या मुलाचं नाव सगळ्यात जास्त जपावं लागतं. नाव, फोटो, पत्ता, शाळा, वस्ती, नातेवाईक. ज्यावरून ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कायद्यानं बंदी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण प्रत्यक्षात असं काही घडलं की सगळ्यात आधी पालकांच्याच ग्रुपवर ‘छोट्या शिशूतली, निळ्या व्हॅननं येणारी’ असं सुरू होतं. नाव न घेता सगळं सांगून झालेलं असतं.

तेव्हा तुमच्या मुलानं कधी काही वेडंवाकडं सांगितलं, अंग दुखतंय म्हणालं, एखाद्या माणसाला बघून बिचकायला लागलं, तर माझ्याकडे या. माझ्याबद्दलच शंका असेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना फोन करा. मी ‘थांबा, चौकशी करते’ म्हटलं तरी थांबू नका. मुलानं जे शब्द वापरले तेच लिहून ठेवा, त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका, मोबाइलवर त्याचं बोलणं चित्रित करून कुणाला पाठवू नका. आणि ग्रुपवर त्या दिवशी काहीही लिहू नका, हळहळसुद्धा नाही.